ककाईच्या दुधाचं पायस

ऐक क्षीराई, तुझी कहाणी. नगर आटपाटच, पण आपल्याकडलं नव्हे. पार पूर्वेला, आसाम देशी, लुइत नदीच्या काठी. तिथं खिरीला पायस म्हणतात आणि थोरल्या भावाला ककाई. एवढं ध्यानात ठेवा, मग मध्येच विचारू नका.

त्या नगरात एक शेठ होता. त्याची सून जेउती. आली होती गरिबाघरनं. नदीतल्या बेटावर झोपडी, आई नाही, बाप नाही, एक ककाई. त्यानं म्हशी राखल्या, बहिणीला वाढवलं, चांगल्या घरी दिलं. निघताना तिला क्षीराईचा वसा दिला. काय करावं? पायस आपल्या हातानं रांधावं. उतरवण्याआधी, दूध ज्यानं आणलं त्याचं नाव चारचौघांत घ्यावं. मग वाढावं. आपण नवऱ्याचं घेतो ना, तसंच. फक्त लाजायचं नाही.

जेउतीला मुलगा झाला. सहा महिने झाले. तिचं दूध आटलं, पोर सुकत चाललं. मग वैद्य म्हणाला, पहिला घास द्या, आणखी दिवस टाळू नका. उष्टावण ठरलं. परगावच्या मानकरणी रेशमी वस्त्रं नेसून आल्या.

मग ककाई आला. पायाला गुडघाभर चिखल, अंगाला म्हशीचा वास. खांद्यावर बांबूचं नळकांडं, त्यात दूध. सोग्यात सुवासिक जोहा तांदूळ. एका मानकरणीनं पुसलं, "हा गं कोण?" जेउती म्हणाली, "आमचा गवळी."

ककाईनं ऐकलं. नळकांडं खाली ठेवलं. "होय बाई, गवळीच. दूध ताजं आहे, लगेच तापवा," म्हणाला आणि माघारी वळला. हसू नका गं. आपणही कुणाकुणाला दारात काय काय म्हटलंय, ते आपल्याला ठाऊक आहे. माझा भाऊ आला होता, तेव्हा मी "गावाकडची ओळख" म्हटलं होतं. असो, पुढं ऐका.

मग पायस चुलीवर चढलं. चुलीपाशी एक अनोळखी म्हातारी लाकडं सारत होती. तिनं पुसलं, "दूध कुणी आणलं?" जेउती म्हणाली, "गवळ्यानं." दूध पाण्यासारखं पातळ झालं. मग म्हातारीनं पुन्हा पुसलं, "दूध कुणी आणलं?" "बेटावरच्या माणसानं." तांदूळ तळाला बसला. मग तिसऱ्यांदा पुसलं. जेउती म्हणाली, "कोण तो, मला नाव ठाऊक नाही." दूध उतू गेलं, चूल विझली. बाहेर पोर रडून रडून थकलं, गप्प झालं.

म्हातारी म्हणाली, "दूध नाही उतलं, तू उतलीस. मातलीस, वसा टाकलास. आता पोराला काय घालशील?"

जेउतीचे कान तापले. तशीच सगळ्यांमधून धावली, घाटावर गेली. ककाई होडी सोडत होता. म्हणाला, "दुधात काही खोट निघाली का, बाई?" तिला मान वर करवेना. म्हणाली, "ककाई, खोट माझ्यात आहे. मला तुझ्या चिखलाची लाज वाटली. आता माझी मलाच वाटते." त्यानं पुसलं, "पोर उपाशी आहे का?" "आहे." मग त्यानं होडी बांधली, आला.

मग जेउती मांडवात उभी राहिली. म्हणाली, "हा भद्रेश्वर, माझा ककाई. मघाशी मी खोटं बोलले. दूध यानं आणलं, मलाही यानंच वाढवलं." मानकरणी एकमेकींकडे बघू लागल्या. चूल पेटली. उरलंसुरलं दूध आटलं, वाटीभरच झालं, बाळापुरतं झालं. मामानं घास भरवला. पोरानं गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

मग म्हातारी क्षीराई होऊन उभी राहिली. "माग," म्हणाली. जेउती म्हणाली, "आई, पोर जेवलं, ककाई पाटावर बसला. पोटातली ही लाज तेवढी काढून घे." क्षीराई म्हणाली, "ती नाही काढायची. ती राहिली तरच पुढच्या खेपेला जीभ खरं बोलेल." आणि दिसेनाशी झाली. जेउतीनं डोळे पुसले, वसा पुन्हा घेतला. तेव्हापासून त्या नगरात आधी नाव घेतात, मग पायस वाढतात.

जशी जेउतीला लाज उरली, तशी तुम्हांआम्हांला उरो. साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत आटली, सुफळ झाली.