बदामाचं कडं आणि धुक्यातली नाव

एक होती फेना, एक होते तिचे बाबा, आणि सात समुद्रांपलीकडच्या हॉलंड देशात, अगदी किनाऱ्याला, होतं त्यांचं इवलंसं घर. आई देवाघरी गेलेली. बाबा मासेमारीला गेले की फेना एकटीच. भांड्यांशी बोलायची, आपणच उत्तर द्यायची.

त्या साली नाताळ आला, पण बाबा आले नाहीत. दुधाच्या सायीसारखं दाट धुकं समुद्रावर पसरलेलं. फेना बंदरावर गेली की माणसं बोलता बोलता गप्प व्हायची.

तिकडे नाताळला घरोघरी बदामाचं कडं करतात, बरं का! आपल्या साट्याच्या करंजीसारखी पदर सुटणारी पारी, आत बदाम, साखर आणि लिंबाच्या सालीचं सारण. लांब वळकटी करायची, टोकं जोडायची, की झालं कडं. गरिबाघरी बदाम कुठले? ते पांढरा घेवडा शिजवून वाटतात आणि बदाम म्हणून खातात. फेनानंही घेवडाच भिजत घातला आणि काटक्या आणायला बागेत गेली.

बघते तर काय! थंडीमुळं कधीच बदाम न धरलेल्या, पानं झडलेल्या बदामाच्या झाडावर, फांदीच्या बर्फात, अंगठ्याएवढी परी अडकलेली. निळे-रुपेरी पंख गारठून गेलेले. फेनानं तोंडाची ऊब फुंकून फुंकून तिला सोडवलं.

"हुश्श! तीन दिवस लटकतेय," परी म्हणाली. "जो तो म्हणतो, वाळकं पान आहे! बोल गं सोनुली, काय हवं तुला?"

"माझे बाबा," फेना हळूच म्हणाली.

परीनं तिच्या ओच्यात टपटप बदाम टाकले. सोनेरी, टपोरे! "यांचं कडं कर. भाजून झालं की मागणं माग. पण भाजेपर्यंत घराचं दार उघडायचं नाही. उघडलंस की जादू मोडली."

फेना धावतच घरी आली. बदाम सोलले, वाटले, कडं वळलं, वर अंड्याचा बलक लावला. वाफ कोंडून फुटू नये म्हणून सुईनं टोचे मारले आणि भट्टीत सरकवलं. आत सोनेरी ठिणग्या नाचू लागल्या.

तेवढ्यात दारावर काठी वाजली. शेजारच्या तृनाआजी! जगात कुणी नसलेल्या, सदा कुरकुरणाऱ्या.

"फेने, दार उघड गं! बर्फावर घसरले. उठवत नाही."

"आजी, थोडं थांबता? एवढं कडं होऊ दे!"

"थांबते की. मला कुठं लग्नाला जायचंय! फक्त पायाची बोटं कळेनाशी झालीत बघ."

फेनानं भट्टीकडे पाहिलं. दार उघडावं तर बाबा जातात. न उघडावं तर आजी. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. तिनं कडी काढली.

फुस्स! सोनेरी ठिणग्या विझल्या, भट्टीत नुसता साधा विस्तव उरला.

आजी चांगल्या जडशीळ. फेना त्यांना उंबऱ्यातून ओढत राहिली, आणि दार उघडंच राहिलं. भाजत्या बदामाचा गोड घमघमाट धुक्यात शिरला आणि दूर दूर पाण्यावर गेला.

"पाय माझा मुरगळला, आणि रडतेस तू?" आजी म्हणाल्या. फेनानं सगळं सांगितलं. आजींनी काठी बाजूला टाकली. त्यांनी पोरीला पोटाशी धरलं.

बराच वेळ गेला. कडं भाजून झालं, पण मागायचं काय? फेना आजींचा पाय शेकत बसली.

आणि धुक्यातून हाक आली, "फेना! ए फेना!"

बाबा! मागोमाग त्यांचे सोबती, दाढ्यांवर बर्फ साठलेले.

"किनारा कुठं, काही कळेना," बाबा म्हणाले. "एकाएकी लिंबाच्या सालीचा नि बदामाचा वास आला. म्हटलं, जिथं कडं भाजतंय तिथं गाव आहे! वासाच्या मागं वल्ही मारली."

खिडकीत परी उभी होती. "जादू तर कधीच मोडली होती, फेना," ती हसली. "बाबांना तूच आणलंस." लख्ख चांदणउजेड झाला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

वाचलेल्या नावेच्या मालकानं बाबांना बंदरातच नावा बांधायचं काम दिलं. तृनाआजींचा पाय बरा झाला, तरी त्या काही परत गेल्या नाहीत. आणि त्या घरात रोज संध्याकाळी तीन माणसं गप्पांच्या नादात एकमेकांना बोलू देईनाशी झाली.