आयत्या वेळी बदललेले दार

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्येला प्रवेशाच्या दिवशी भलत्याच दाराशी नेऊन उभे केले.

विद्यापीठ डोंगरमाथ्यावर होते. त्याला उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी दोन दारे होती आणि प्रत्येक उंबरठ्यावर एक द्वारपंडित बसत असे. त्याच्या प्रश्नाला पटेल असे उत्तर दिले तर प्रवेश. नाही तर परत, आणि परत गेलेल्याला पुन्हा संधी नाही. उत्तर दाराचे पंडित तर्कशास्त्रातलेच प्रश्न विचारतात हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे पायथ्याच्या गावात घरोघरी त्याचीच तयारी चाले. दक्षिण दाराच्या पंडितांचा मात्र नेम नसे. तिकडे फार थोडे जात.

शिष्येने कळत्या वयापासून उत्तर दाराचीच तयारी केली होती आणि ती करून घेतली होती आचार्यांनीच. चढण संपल्यावर ते दक्षिणेकडे वळले, तेव्हा तिला वाटले, म्हातारपणामुळे विसरले.

“आचार्य, आपलं दार तिकडे!”

“माहीत आहे. चल.”

ती अडवणार, तोच त्यांनी दक्षिण दाराशी जाऊन तिचे नाव पुकारले. गुरूने ज्या दारी नाव पुकारले, तेच शिष्याचे दार, अशी तिथली रीत होती. आता मागे फिरणे म्हणजे संधी गमावणे.

तिच्या पुढे एकच मुलगी होती. ती अडखळत बोलत होती. उत्तर अर्ध्यावर असतानाच पंडितांनी हात वर केला, आणि ती मान खाली घालून उतरणीला लागली.

“ये,” पंडित शिष्येला म्हणाले. “दोन्ही दारांतून आम्ही इतक्यांना परत पाठवतो. त्यांत तुझ्याहून हुशार कोणी असेल का?”

शिष्येने पाठ केलेले एक सूत्र म्हणायला सुरुवात केली.

पंडित हसले. “हा माल उत्तर दाराचा, बाळ. इथे खपत नाही.”

तिने सूत्र अर्ध्यावरच सोडले. पंडितांचा हात गुडघ्यावरून उचलला जाऊ लागला. तो वर गेला की सगळे संपणार होते.

“असेल,” ती एकदम म्हणाली. “आत्ताच एक गेली. तिचं उत्तर बरोबर चाललं होतं. तुम्हाला धीर धरवला नाही, एवढंच.”

“चूक माझी म्हणतेस?”

“हो.”

“मग तिला सोडून तुला का घ्यावं?”

“मला घ्या असं मी म्हणतेच आहे. त्यासाठीच आले. पण तिचं ऐकून घेतलं नाहीत, तर मला पारखून घेतलंत हे मला तरी खरं वाटणार नाही.”

पंडितांनी रखवालदाराला हाक मारली. “त्या मुलीला गाठ. म्हणावं, उत्तर राहिलंय तुझं.” आणि ते शिष्येच्या वाटेतून बाजूला सरकले.

आत जाण्यापूर्वी गुरूच्या पाया पडायचे असते. ती आचार्यांसमोर आली, पण वाकली नाही.

आचार्य प्रसन्न होते. “रागावलीस? अगं, उत्तर दाराने तू गेली असतीस, तर आत माझी उत्तरं गेली असती. मी शिकवलेलं संपतं तिथून तुझी बुद्धी सुरू होते. ती तुला दिसावी, म्हणून मी दार बदललं.”

“ते खरं आहे,” ती म्हणाली. “पण मला नाकारलं असतं तर हेच वाक्य तुम्ही मला ऐकवलं असतं का?”

आचार्यांनी दाराकडे पाहिले.

“तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटतंय, कारण मी आत चालले आहे. हरले असते तर मी एकटीच हरले असते. तुम्ही घरी जाऊन पुढचा शिष्य घेतला असता. काल रात्री जेवताना नुसतं विचारायचं होतंत. मी कदाचित हो म्हटलं असतं.”

“आणि नाही म्हणाली असतीस तर?”

“तर नाही.”

वाऱ्याने आचार्यांचे उपरणे खांद्यावरून घसरले. ते सावरायचेही त्यांना सुचले नाही. आपल्या शहाणपणाची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे आजवर कोणी त्यांना असे तोंडावर सांगितले नव्हते.

“नमस्कार राहू दे, पोरी,” ते हळूच म्हणाले. “चुकलं माझं. जा आत.”

तेव्हा ती वाकली.

मुलांना धडा शिकवायला निघालेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे, की पणाला लागलेले आयुष्य त्याचे स्वतःचे नसते.