सुंठवड्याची पहिली वाटी

एकदा त्र्यंबक नावाच्या एका शिष्याने रामनवमीच्या दिवशी घरी थांबावे लागू नये म्हणून देवळातली सगळी कामे आपल्या अंगावर घेतली. त्याने सभामंडप धुतला, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या, सुंठ कुटली, खोबरे किसले. काम हे लपायला फार सोयीचे ठिकाण. तिथे कोणी शोधायला येत नाही, वर शाबासकी मिळते. त्र्यंबकालाही ती सकाळपासून मिळत होती.

घरी त्याची पत्नी भागीरथी भिंतीकडे तोंड करून पडली होती. फाल्गुनात तिला मुलगा झाला आणि ती शुद्धीवर येण्यापूर्वीच गेला. सुतक फिटले, पाहुणे पांगले, तिने मात्र अन्न जवळजवळ टाकले. ही अशीच राहिली तर वाचायची नाही, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितले होते. त्र्यंबकाने ते ऐकले आणि त्या दिवसापासून तो देवळात अधिकच वेळ काढू लागला. तिच्याशी काय बोलावे, हेच त्याला कळत नव्हते.

माध्यान्ह जवळ आली. कुंची घातलेला बाळराम पाळण्यात ठेवायचा तेवढा राहिला होता. स्त्रिया पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या. आणि ज्यांच्या हातून दरवर्षी रामजन्म होई, ते वृद्ध गुरुजी उठले, नैवेद्याच्या सुंठवड्यातून त्यांनी एक वाटी भरली आणि ते पायऱ्या उतरू लागले.

त्र्यंबक मागे धावला. "गुरुजी, देवाला अजून नैवेद्य दाखवलेला नाही. जन्माची वेळ झाली."

"पाळण्याची दोरी कोणीही ओढेल. तू चल माझ्याबरोबर."

मंडपात कुजबुज झाली. साठी बुद्धी नाठी, असे कोणीतरी म्हणालेच.

वाटेत गुरुजी म्हणाले, "त्र्यंबका, सुंठवडा मुळात कोणाचा? बाळंतिणीचा. कौसल्या बाळंत झाली म्हणून आज सारे गाव तो खाणार. बाळंतीण तुझ्याही घरी आहे. तिला डिंकाचा लाडू कोणी केला? शेकशेगडी कोणी दिली? मूल गेले, तेव्हा ही बाळंत झालीच नाही असे आपण सगळे धरून चाललो. मीही त्यातलाच. मघाशी तुला सुंठ कुटताना पाहिले आणि मला स्वतःची लाज वाटली."

घराशी आल्यावर त्यांनी वाटी त्र्यंबकाच्या हाती दिली आणि ते ओट्यावर बसले. "आत तू जा. तिथे माझे काम नाही."

तो तिच्या उशाशी बसला. तेवढ्यात देवळात नगारा वाजला, रामजन्माचा गजर झाला. भागीरथीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले. गजर ओसरल्यावर त्याने वाटी तिच्यापुढे धरली.

"तू बाळंतीण आहेस," तो म्हणाला. "हे तुझं आहे. देवाच्या आधी तुझं."

तिने वाटीकडे पाहिले आणि विचारले, "त्याचं नाक कुणासारखं होतं?"

बाळाला मातीत ठेवायला तोच घेऊन गेला होता. वाटभर त्याने तो चेहरा पाहिला होता आणि घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"तुझ्यासारखं," तो म्हणाला, आणि मूल गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

भागीरथीने चिमूटभर सुंठवडा जिभेवर ठेवला. तेवढ्याने ती वाचेल, असे ओट्यावरचे गुरुजीही सांगू शकले नसते.

"केस होते?"

"होते. काळेभोर, कानांवर आलेले."

"अजून सांगा," ती म्हणाली.