निनावी समीक्षक आणि चार पायांची गोगलगाय

मृदुला आजगावकरने तीन वर्षे खपून गोगलगायींच्या चालीवर शोधनिबंध लिहिला. तो छापून आल्याशिवाय तिला पीएच.डी. मिळणार नव्हती. नियतकालिकाने तो एका निनावी समीक्षकाकडे तपासायला धाडला. शेरा आला: "थोर शास्त्रज्ञ डॉ. रेगुंडवार यांच्या चौदा निबंधांचा उल्लेख करा, नाहीतर निबंध नामंजूर."

"हा निनावी म्हणजे खुद्द रेगुंडवारच!" तिचे मार्गदर्शक कपाळाला हात लावून म्हणाले. "वीस वर्षं हा निर्लज्जपणा चाललाय. मुकाट्यानं घाल बाई चौदाही."

"घालते की, सर. पण आधी वाचते तरी!"

आठवड्याने तिने संपादकांना उत्तर पाठवले: "चौदाही निबंध वाचले. नवव्यात गोगलगाय ताशी चाळीस किलोमीटर धावते, अकराव्यात तिला चार पाय आहेत. उल्लेख आनंदाने करू, पण अशा एकूण एकतीस चुका दाखवूनच करावा लागेल. डॉ. रेगुंडवारांना ते चालेल का, हे समीक्षकांनी कृपया त्यांना विचारून कळवावे."

समीक्षकांना विचारायला फार लांब जावे लागले नसावे. दुसऱ्याच दिवशी नवा शेरा आला: "उल्लेखाची गरज नाही. निबंध उत्कृष्ट आहे. तातडीने छापावा."