कोठाराची किल्ली

संगणकविद्या शिकवणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे एकदा औषधांचा व्यापारी आला. त्याला कोठारासाठी प्रोग्राम हवा होता. आचार्यांच्या शिष्याने तो मोठ्या हौसेने लिहिला. प्रत्येक डब्याची सकाळी नोंद करायची, संध्याकाळी पुन्हा करायची आणि दोन्ही ताडून डबा बदलला का ते पाहायचे.

पहिल्याच संध्याकाळी प्रोग्रामने सांगितले, सगळे डबे बदलले आहेत!

शिष्याला वाटले, कुठेतरी पाणी मुरते आहे. कोठार सांभाळणाऱ्या द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले, तरी त्याला त्यात लपवाछपवी दिसे. नोंदी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसत होत्या. म्हणजे बाई फारच पोहोचलेली, असा त्याने निष्कर्ष काढला. व्यापाऱ्याने बाईंना कामावरून काढायचे ठरवले.

आचार्य एवढेच म्हणाले, "उद्या बाईंना घरी राहू द्या. किल्ली याच्याकडे."

शिष्य मनात चरफडला, पण दिवसभर दारातून हलला नाही. संध्याकाळी प्रोग्रामचे उत्तर तेच. व्यापारी त्याच्याकडे रोखून पाहू लागला.

"शेटजी, शप्पथ, मी कशाला हातही लावला नाही!"

"बाईही हेच सांगत होत्या."

आचार्यांनी एकाच डब्याची तीच नोंद दोनदा केली आणि प्रोग्रामला विचारले, या सारख्या आहेत का? उत्तर आले, होय. वेगळ्या आहेत का? पुन्हा होय.

"बाळा," आचार्य म्हणाले, "नाव, वजन, मुदत जुळली की नोंदी सारख्या, हे तू याला शिकवलेस. वेगळे कशाला म्हणायचे, ते शिकवायचे राहिले. मग तो आपल्या मनाने सांगतो, नोंदी दोन आहेत, म्हणजे वेगळ्या. दुसरे उत्तर असे मोकाट सोडू नये. आधी सारखेपणा तपासावा आणि त्याच उत्तराला उलटे करावे. तूही काय बदलले एवढेच विचारत राहिलास. काही जसेच्या तसे असेल, हे तुझ्या मनातही आले नाही."

शिष्याने मुकाट्याने प्रोग्राम दुरुस्त केला. एकही डबा बदललेला नव्हता. किल्ली घेऊन तो द्वारकाबाईंच्या दारात उभा राहिला. "मावशी, चूक माझी होती. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

त्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "हीच आहे ना रे? बदलली नाहीस ना?"

शिष्याने मान खाली घातली. त्यांचा संशय त्याला रास्तच वाटला.