तांबडीचा गंधार

वाद्यं माणसाच्या हाताची वाट न बघता आपापली वाजत, त्या काळी एका गावात अकॉर्डियनांचं मंडळ होतं. दर गुरुवारी संध्याकाळी सगळी चावडीवर जमत. प्रत्येकाने एक चाल एकट्याने वाजवायची, असा तिथला शिरस्ता. नुसतं बसून दुसऱ्यांना नावं ठेवलेली चालत नसे.

तांबडी ही मंडळातली जुनी अकॉर्डियन. एके दिवशी तिची गंधाराची पट्टी मुकी झाली. दाबली तरी फुस्सकन हवा तेवढी निघे. अशा वाद्याला मंडळात कोण ठेवील? माळ्यावर टाकतील! 'भाता दुखतोय' म्हणत तिने तीन गुरुवार टाळले.

चौथ्या गुरुवारी मंडळातलं सगळ्यात थोराड अकॉर्डियन, ढोलेकाका, दारात येऊन उभे राहिले. "तांबडे, तुझ्यावाचून बैठक अळणी होते गं. चल बघू."

"काका, माझा गंधार गेलाय," ती कशीबशी बोलली.

"मग तेवढा सोडून वाजव."

तांबडीने भीत भीत चाल धरली. गंधाराची जागा आली आणि तिने भाता आवळून घेतला. तोच काकांनी तो सूर भरला. ती जागा पुन्हा आली, तेव्हा आणखी चौघं धावली आणि शेवटी तर अख्खं मंडळ. तिची चाल इतकी भरदार कधीच वाजली नव्हती.

पुढे पट्टी दुरुस्त झाली. गंधार अगदी लख्ख वाजू लागला. तरी गुरुवारी ती चाल धरली, की नेमकी त्या जागी तांबडी गप्प राही आणि सगळ्यांकडे बघे.