एकेक ओळ

महापुरात नदीकाठची गावं वाहून गेली. मदतकक्षात संगणकाचं काम पाहणाऱ्या वैजयंताने डेटाबेसमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम हजारो बेपत्तांच्या यादीतली, एका माणसाची एक अशी, एकेक ओळ घेऊन छावण्यांतल्या लाखो नोंदींशी ताडून पाहत होता.

आयुक्त खेकसले, "बाई, किती रेंगाळतंय हे! एकच आदेश देऊन सगळ्या ओळींवर एकदम 'मृत' लिहून टाका. मला वरती अहवाल द्यायचाय."

वैजयंताचा धाकटा भाऊही त्या बेपत्तांत होता. ती हळूच म्हणाली, "साहेब, माणसं वाहून गेली ती एकदम. शोधायची मात्र एकेक करूनच."

आयुक्त मान खाली घालून निघून गेले. पुढे कितीतरी माणसं छावण्यांत जिवंत सापडली. भावाचं नाव मात्र कुठेच जुळलं नाही. वैजयंताने डोळे पुसले आणि पुढची ओळ ताडायला घेतली.